हरकरे सरांचं तावदान

डॉ. मधुसूदन हरकरे यांना तारा पाठराबे मूर्ख समजत होती. त्यांच्या हाताखाली आठवडाभर काम केलेल्या कोणालाही ते पटलं असतं. तरी ती चुकलीच, आणि आपण चुकलो हे कळायला तिला जवळजवळ दोन वर्षं लागली.

हरकरे नागपुरातल्या एका कॉलेजात रसायन विभागाचे प्रमुख होते. उंच, देखणे, कडक इस्त्रीचा सफारी घालणारे. बोलायच्या आधी चष्मा काढून हातात धरायचे, जणू पुढचं वाक्य डोळ्यांना झेपणार नाही. वाक्य बहुधा दुसऱ्याचं असायचं. तारा त्यांची संशोधन सहायक. शहरातल्या महाल भागातल्या कारकुनी घरातली, तिशी ओलांडलेली, जिभेची तिखट. सर व्याख्यान देत असताना ती शेवटच्या बाकावर बसून मनातल्या मनात त्यांना गुण देत असे. पासापुरते गुण त्यांना कधी पडले नाहीत.

तिच्या या तुच्छतेला एक जुनी जखमही होती. ज्या कामावर विभागाला दिल्लीहून अनुदान मिळालं, ते मुळात तिच्या डोक्यातून निघालेलं. बेन्झीनची वाफ तापलेल्या लोखंडाच्या भुकटीवरून सोडली की नळीत काजळी धरते. ती खरवडून टाकायची असा रिवाज. ताराने एकदा ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्यात धागे दिसले. केसाहून कितीतरी बारीक, काळेभोर, लांबच लांब. तिने सरांना सांगितलं, की साधी काजळी प्लास्टिकमध्ये घातली तर वीज वाहायला कणाला कण खेटावा लागतो, म्हणजे एवढी काजळी लागते की प्लास्टिक तव्यासारखं काळं होतं. धागे मात्र थोडेच घातले तरी एकमेकांत अडकतील. मग वीजही वाहील आणि आरपार दिसेलही.

सरांनी चष्मा हातात धरून ऐकून घेतलं. पंधरवड्याने एका परिषदेत ते म्हणाले, "एके दिवशी सहज माझ्या मनात विचार आला, की धागा धाग्याला भेटला तर?" टाळ्या पडल्या. तारा शेवटच्या बाकावर होती. तिने शून्य गुण दिले.

विचार चांगला होता, पण धाग्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. काचेसारखं दिसणारं ते ॲक्रिलिक आधी पाण्यासारखं पातळ असतं. त्यात धागे टाकायचे, ढवळायचे, दोन काचांमध्ये ओतायचं आणि तापवून घट्ट करायचं. पण पातळ रसात पडल्याबरोबर धागे एकमेकांना बिलगून त्यांच्या जटा व्हायच्या. थोडे घातले तर पट्टी स्वच्छ निघे, आत माशा अडकल्यासारखे काळे ठिपके, आणि वीज शून्य. जास्त घातले तर वीज वाहे, पण पट्टीतून सूर्यसुद्धा दिसत नसे. वर्षभर हेच चाललं. तारा रोज पट्ट्या ओतायची, दुसऱ्या दिवशी त्यांतून उजेड किती जातो ते मोजायची, वीज किती जाते ते मोजायची, आणि दोन्ही आकडे सरांच्या टेबलावर ठेवायची. सर म्हणायचे, "प्रयत्न चालू ठेवा."

एकोणऐंशीच्या श्रावणात एक पट्टी निघाली. फिकट धुरकट, उन्हाच्या चष्म्याच्या काचेसारखी. मागे वर्तमानपत्र धरलं तर वाचता यावं. विद्यापीठातले पाहुणे विभाग पाहायला आले असताना सरांनी सहज तिला विजेच्या दोन तारा लावल्या आणि वीज मोजणाऱ्या यंत्राचा काटा हलला. लोकरीच्या कापडाने घासून कागदाच्या कपट्यांवर धरली, तर एकही कपटा तिला चिकटला नाही. साध्या प्लास्टिकला चिकटले.

पुढे जे व्हायचं ते झालं. वर्तमानपत्रात फोटो आला. शाल आली, श्रीफळ आलं, सत्कार समितीही आली. सरांनी काच कापायच्या हिरकणीने पट्टीच्या कोपऱ्यावर आपली सही कोरली आणि ती मखमलीच्या डबीत ठेवली. सत्काराच्या भाषणात त्यांनी आपल्या आईचे, गुरूंचे, कुलगुरूंचे आणि मातृभूमीचे आभार मानले. कवडूचेसुद्धा मानले. कवडू म्हणजे प्रयोगशाळेतला जुना शिपाई. ताराचं नाव राहून गेलं.

तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्या पट्टीवर तिचा विश्वासच बसत नव्हता. त्याच घाण्यातल्या दुसऱ्या पट्ट्या ठार मेलेल्या होत्या, मग हिलाच कसं काय सुचलं? तिने सरांच्या नकळत पट्टी डबीतून काढली आणि ओल शोषून घेणाऱ्या क्षारावर झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी काटा जागचा हलला नाही. खिडकीपाशी पावसाळी हवेत ठेवली, काटा किंचित थरथरला. मग सरांकडे कोणी पाहुणे आले, पट्टी मागवली गेली, परत आली, आणि ताराने मोजली तर काटा उड्या मारतोय.

तिने कवडूला गाठलं. "कवडू, ही पट्टी पाहुण्यांसमोर नेताना तुम्ही पुसता का?"

"पुसतो ना. काहून, डाग राह्यला का बाई?"

"कशानं पुसता?"

"रिठ्याच्या पान्यानं. साबनाचे पांढुरके डाग राह्यते. सायेब म्हनले चकचकीत पायजे, मंग मी रिठा भिजवून राहिलो."

तारा तिथल्याच स्टुलावर बसून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कवडूला वाटलं बाईंना बरं नाही. धाग्यांनी काहीच केलं नव्हतं. पट्टीवर रिठ्याचा पातळ थर बसत होता, तो श्रावणातल्या हवेतली ओल धरून ठेवत होता, आणि वीज त्या ओल्या थरावरून जात होती. रिठा लावून पुसलेली खिडकीची काचही तेवढीच वीजवाहक निघाली असती. आपल्या विभागप्रमुखांनी शाल घेतली ती रिठ्याच्या पाण्यासाठी, हा विचार तिला इतका आवडला की तो तिने आठवडाभर कोणाला सांगितला नाही, एकटीच चघळत राहिली.

मग तिने सरांना सांगितलं. पहिल्यांदा आकडे दाखवून. सर म्हणाले, "शंका हवीच, ताराबाई. शंका म्हणजे मीठ. पण नुसतं मीठ काही कोणी जेवत नाही." दुसऱ्यांदा तिने पट्टी धुऊन, वाळवून, त्यांच्यासमोर तिला विजेच्या तारा लावल्या; काटा हलला नाही. सर म्हणाले, "यंत्र दुरुस्तीला टाका." तिसऱ्यांदा तिने लहान मुलाला समजावतात तसं समजावलं, एकेक शब्द सुटा करून, आणि तसं समजावताना तिला मनातून फार बरं वाटलं. सरांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. कळतच नाही याला, तारा मनाशी म्हणाली. इतकं साधंसुद्धा कळत नाही.

होळीच्या सुमारास महादेवराव गिरडकर आले. कळमेश्वर रस्त्यावर त्यांचा कारखाना होता. उमरेडकडच्या कोळसा खाणींना लागणारी सुरुंगाची दारू तिथे कागदी नळ्यांत भरत. माणूस गांधीबागेतल्या कापडाच्या धंद्यातून वर आलेला, बोटांत अंगठ्या, बोलणं अस्सल नागपुरी. त्यांनी पेपरातली बातमी वाचली होती.

"डॉक्टरसाहेब, आपल्याइथं बाया दारू तोलतात," ते म्हणाले. "दोघींच्या मधात आधी लाकडी पाट होते. मले दिसेच नाही कोण काम करून राहिली अन् कोण गप्पा हाणून राहिली. म्हणून प्लास्टिकचे लावले. तं ते साले विजेचे चटके मारतात! मले तुमचं हे चटके न मारणारं पायजे."

हरकरेंनी चष्मा काढला. "अवश्य," ते म्हणाले. "विज्ञान समाजासाठीच असतं."

जागा पाहायला सरांनी ताराला सोबत नेलं. महादेवरावांच्या केबिनमध्ये खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरत होता, बर्फाचं पाणी आलं, संत्र्याचा रस आला. तोलण्याची खोली आवाराच्या पार टोकाला होती. पत्र्याचं छत, खिडक्या बंद, पंखा नाही; वाऱ्याने भुकटी उडते म्हणून. सातआठ बाया लांब मेजाशी बसल्या होत्या, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचं तावदान. मार्चचं कोरडं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि भुकटीचा बारीक थर तावदानांवर आपोआप चढून बसला होता, कोणी चिकटवल्यासारखा.

टोकाला बसलेल्या बाईची एक भुवई नव्हती. तिथली कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. तिचं नाव रुखमाबाई. ताराने विचारलं तेव्हा ती हात न थांबवता बोलली.

"पदर घासला याले. चट झालं. मंग पायतो तं भुवई नाई. चिमूटभरच होती दारू म्हनून भुवईवर भागलं, बाप्पा."

"मग तावदान काढून टाका म्हणाला नाहीत?"

"म्हनलं ना. मालक म्हनले पातळ नायलॉनचं घालू नोको, सुती घाल. सुती घालून राहिली. तरी केस उभे राह्यते याच्याजवळ गेलं का." तिने तावदानाकडे हनुवटी उडवली. मग ताराकडे नीट पाहत तिने विचारलं, "तुमची ती नवी काच आल्यावर चट नाई होनार ना, बाई?"

तारा वहीत तावदानांची मापं लिहू लागली. मागून हरकरे म्हणाले, "अजिबात नाही, बाई. अगदी निश्चिंत राहा." आणि त्यांनी रुखमाबाईला नमस्कार केला. फार सुंदर नमस्कार करत ते.

परतताना जीपमध्ये तारा फुटली. "सर, आता पुरे. पावसाळ्यात कपटे उचलण्याचा खेळ वेगळा आणि हे वेगळं. एप्रिल-मेमध्ये हवेत ओल नसते. रिठ्याचा थर वाळून खडखडीत होईल. ते तावदान साध्या प्लास्टिकइतकंच चटके मारेल. तुम्हाला समजतंय का मी काय म्हणते ते?"

हरकरे खिडकीबाहेर पाहत होते. ते चष्म्याला हात न लावता बोलले, अगदी साध्या आवाजात. तो आवाज तिने त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

"पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक आहे. कवडूला सकाळी रिठा भिजवायला सांगा. त्यात चार थेंब ग्लिसरीन घाला. एप्रिलमध्ये नुसत्या रिठ्यानं भागत नाही."

जीप एका खड्ड्यातून गेली. ताराला आपलं डोकं टपाला आपटल्याचंही कळलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्याच आठवड्यात. पट्टीला हात लावला की बोटं बुळबुळीत व्हायची. मी काय मूर्ख आहे?"

"मग त्या बायांना सांगा ना तसं! रोज पुसत जा म्हणावं, ग्लिसरीन घाला म्हणावं."

"रोज पुसायचंच असेल तर साधं प्लास्टिकही चालतं, ताराबाई. मग आपली गरज काय? अनुदान कशाला? तुमची जागा तरी कशाला?" ते तिच्याकडे वळून हसले, आणि त्या हसण्यात थोडी कीव होती. "तीन-तीनदा समजावत होतात मला. मजा वाटायची तुमची."

त्या संध्याकाळी तारा घरी आली आणि भावजयीने वाढलेलं ताट तसंच ठेवून उठली. दोन वर्षं तिने या माणसाला शून्य गुण दिले होते, आणि तो तिकडे बसून तिची पेपर तपासण्याची हौस पाहत होता. त्याने फसवलं याचा राग होताच; पण तो हुशार निघाला, याचा राग जास्त होता. मूर्ख माणसाची कीव करता येते, त्याच्यावर हसता येतं, आणि हसण्यातच आपलं कर्तव्य संपलं असं समजून घरी जाता येतं. तिने नेमकं तेच केलं होतं. स्वतःबद्दल तिच्या मनात त्या रात्रीपुरते तरी चांगले शब्द उरले नाहीत.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी कवडू रिठ्याची वाटी घेऊन आला. "ठेवा तिथे," तारा म्हणाली. "आज पट्टी मी पुसते." तिने ती शुद्ध पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, क्षारावर झाकून वाळवली आणि स्वच्छ कापडात गुंडाळून मखमलीच्या डबीत ठेवली.

कारखान्यात मांडव घातला होता. दोन सरकारी अधिकारी, एक वार्ताहर, महादेवरावांचे भाऊबंद. बायांना काम थांबवून मागे उभं केलं होतं. ऊन असं होतं की बोलताना जीभ टाळूला चिकटावी. हरकरेंनी चष्मा हातात घेऊन धाग्यांची कथा सांगितली, मातृभूमीचा उल्लेख केला, मग डबी उघडून पट्टी लोकरीच्या कापडाने खसाखसा घासली आणि कपट्यांवर धरली.

कपटे उडाले. सगळे. पट्टीला जाऊन चिकटले आणि तिथे उभे राहून थरथरत राहिले. एक तर उडून सरांच्या सफारीच्या बाहीला चिकटला.

मागच्या बायांपैकी कोणीतरी खुदकन हसलं.

हरकरेंना सावरायला किती वेळ लागला? जवळजवळ नाहीच. "पाहिलंत?" ते पाहुण्यांना म्हणाले. "ही झाली साधी पट्टी. तुलनेसाठी. आमच्या बाई आपली पट्टी बहुतेक प्रयोगशाळेत विसरल्या. होतं असं."

क्षणभर ताराला त्यांचं कौतुक वाटलं. मग ती पुढे झाली. "हीच ती पट्टी आहे, सर. कोपऱ्यावर तुमची सही आहे. वाचून दाखवू?"

वार्ताहराने मान पुढे काढली. महादेवरावांनी पट्टी हिसकावून घेतली, उजेडात धरली, सही वाचली, आणि हरकरेंकडे अशा नजरेने पाहिलं, जसं कापडाच्या ठाणात मध्येच छिद्र निघाल्यावर गिऱ्हाईक पाहतं.

तारा बोलत गेली. रिठा, ओल, श्रावण, ग्लिसरीन, सगळं. आत्ता हा माणूस संतापेल, हरकरेंना हाकलून देईल, असं तिला वाटत होतं. त्या क्षणाची ती सकाळपासून वाट पाहत होती. महादेवरावांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे रिठ्यानं होते म्हणा ना! अरे, मंग हे महागाचं कायले? साधंच प्लास्टिक ठेवू अन् रिठा लावू. आपल्या कोमट्याच्या दुकानात पोतंभर भेटते. वा बाई, तुम्ही तं आमचा खर्च वाचवला!"

हरकरे किंचित हसले आणि चष्मा पुसू लागले.

"नाही होत!" तारा ओरडली. "सकाळी लावलेला रिठा या हवेत दुपारपर्यंत टिकत नाही. तेच तर सांगतेय मी!"

"दुपारी पुन्हा लावू."

"आणि मधल्या वेळात? लावायचं विसरलं तर?"

"विसरतील कशा? त्याईच्याच जिवाचा सवाल आहे," महादेवराव म्हणाले, आणि त्यांच्या भाऊबंदांनी माना डोलावल्या. अधिकारी घड्याळ पाहू लागले. थंड रसाचे पेले आले.

ताराला तेव्हा उमगलं की ती चुकीच्या माणसांशी बोलते आहे. ज्यांना सांगायचं त्या मांडवाच्या मागे उन्हात उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे चालत गेली.

"रुखमाबाई, मी त्या दिवशी तुम्हाला उत्तर दिलं नाही," ती म्हणाली. "आता देते. या काचेनं चट होणारच. हवा कोरडी असली की प्लास्टिक चट करतं, त्याला काही इलाज नाही. खोलीतली हवाच ओली हवी. खिडक्या उघडून वारा अडेल अशा खसच्या जाड ताट्या लावायच्या, बाहेरून त्यांच्यावर सारखं पाणी सोडायचं. पाण्याचा पंप भिंतीबाहेर. मग चट होत नाही."

"जशी मालकाच्या कॅबिनात हाये तशी ताटी?" रुखमाबाईने विचारलं.

"तशीच."

महादेवराव मागून आले होते. "मजूर बायाईले खस?" ते म्हणाले. "उद्या म्हणान पलंग टाका!"

रुखमाबाईने पदर खोचला. "मंग आमी नाई बसत मालक. तुमीच बसा. भुवया दोन हायेत तुमाले."

ती जाऊन आवारातल्या कडुनिंबाखाली बसली. एकेक करून बाकीच्या गेल्या. बायजाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती जाता जाता मेजावरचा रसाचा पेला उचलून घेऊन गेली, आणि तिला कोणी अडवलं नाही. महादेवराव आधी ओरडले, मग समजावू लागले, मग पुन्हा ओरडले. खाणीचा माल अडून होता. तिसऱ्या दिवशी खसवाला बोलावला गेला.

हरकरेंचं काय झालं? काही झालं नाही. वार्ताहराने बातमी दिली नाही. तो सरांच्याच एका विद्यार्थ्याचा मेहुणा होता. ताराची मुदत जूनमध्ये संपली ती वाढली नाही. पुढच्या हिवाळ्यात सरांनी एका सभेत 'देशी रिठा आणि आधुनिक प्लास्टिक' या विषयावर व्याख्यान दिलं. एके दिवशी सहज त्यांच्या मनात विचार आला होता म्हणे. त्यांना पुन्हा शाल मिळाली. ताराने ही बातमी मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर स्टाफरूममध्ये वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. गुण द्यायचे तिने सोडले होते.

कारखान्यात मात्र ती जात राहिली. महादेवरावांनी बोलावलं नव्हतं. अधिकाऱ्यांपैकी एकाने कधी विचारलं तर दाखवायला कोणी असावं म्हणून त्यांनी तिला येऊ दिलं. तिने हवेतली ओल दाखवणारं घड्याळासारखं यंत्र आणून खोलीच्या भिंतीवर लावलं. महादेवराव म्हणाले ते केबिनमध्ये लावा. ती नाही म्हणाली. तबकडीवर तिने लाल रंगाने एक रेघ ओढली, आणि काटा रेघेच्या खाली आला की काय करायचं ते बायांना सांगितलं. वाचता येत नसलेल्यांनाही लाल रेघ दिसते.

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी ती एसटीतून उतरून आवारात शिरली, तर खोली रिकामी. वीज गेली होती, पंप बंद पडला होता, ताट्या वाळून पिवळ्या पडल्या होत्या. आत भिंतीवर काटा रेघेच्या बराच खाली. महादेवराव केबिनच्या दारात उभे राहून हवेत हात उडवत होते. "दोन घंट्याचं काम आहे! संध्याकाळी ट्रक येऊन राहिला! त्या घड्याळीले काय कळते?"

बाया कडुनिंबाखाली बसल्या होत्या. कोणी डोक्यावर पदर घेऊन आडवी झाली होती, कोणी दुसरीच्या केसांतल्या उवा काढत होती. एकीही मालकाकडे पाहत नव्हती.

ताराला पाहून रुखमाबाईने बाजूला सरकून जागा केली. "ये वं, बस," ती म्हणाली. "वरडू दे त्याले. घसा कोरडा पडन तं गप बसन."

तारा पिशवी बाजूला ठेवून जमिनीवर बसली. खाली सावली होती, पण हवा गरमच होती. बायजाबाईने गाडग्यातलं पाणी पुढे केलं. तारा ते प्यायली, आणि वीज यायची वाट पाहत त्यांच्यासोबत बसून राहिली.